कोतवाल बुकातले पूर्वज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या वऱ्हाडात तहसील कार्यालयातील कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूंच्या जुन्या नोंदवहीची, आठवण लोकांना येते ती जात पडताळणीच्या वेळी. इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा पुरावा हवा असतो, तो मिळाला की नक्कल घेऊन मंडळी मोकळी होतात. वास्तविक घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यासाठी गावखेड्यात यापेक्षा मोलाचा दस्तऐवज क्वचितच सापडेल. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीची पाने उघडून पाहावीत: एकाच घरातली माणसे लागोपाठ गेलेली, आणि मृत्यूच्या कारणापुढे ओळीओळीला एकच शब्द, ‘ताप’. जन्माच्या नोंदीत बापाचे नाव, जात असते. बाळाचे मात्र बारसे व्हायचे असल्याने पुष्कळदा नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच लिहिलेले असते, त्यामुळे पुढे शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरशी आणि जमिनीच्या जुन्या कागदांशी मेळ घालावा लागतो. (आईचे नाव सापडेलच याची खात्री नाही.)

जुनी मोडी लिपीतील पाने वाचणारे जाणकार तालुक्यागणिक थोडे उरले आहेत, आणि आमच्याकडच्या वह्यांचे कागद हात लावताच तुटतात. तेव्हा या नोंदी स्कॅन करून नाममात्र शुल्कात खुल्या कराव्यात, आणि त्यासाठी जातीच्या दाखल्याचे कारण विचारू नये, अशी महसूल विभागास विनंती आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांनी यजमानांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. सरकारला ते जड जाऊ नये.

आपला,
एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती