पैठणी, वाळू आणि दशमीची भरती

मालाड, मुंबई

ती. बाबा आणि सौ. आई,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपलं बोलणं दर वेळी पैठणीपाशी येऊन अडतं आणि मग आई, तू "बरं, ठेवते" म्हणतेस. म्हणून आज लिहायलाच बसले.

मावशीच्या नातीचं लग्न मनोरीला वाळूत आहे म्हटल्यावर तू म्हणालीस, "समुद्रावर आपण गणपती पोचवायला जातो, लग्न लावायला नाही." कबूल. पण आता लावतात, आणि मावशीलाही पत्रिका छापून आल्यावरच कळलं.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. गेल्या वर्षी ऑफिसातल्या मैत्रिणीचं लग्न असंच अलिबागजवळ किनाऱ्यावर होतं. मी शिफॉन नेसून, उंच टाचांचे सँडल घालून गेले. तिसऱ्या पावलाला टाचा रुतल्या. पुढचं सगळं लग्न सँडल हातात धरून पाहिलं. अक्षता टाकायला हात वर केला तर पिना लावलेला पदरसुद्धा सुटला आणि शेजारच्या काकांच्या तोंडावर जाऊन बसला. काका बिचारे काही बोलले नाहीत. घरी येऊन साडी उचलली तर निऱ्यांकडून जड लागली. फॉलची शिवण एके ठिकाणी उसवली होती, तिथून वाळू आत शिरून फॉल आणि साडीच्या मध्ये पिशवीसारखी साठली होती. बादलीत खळबळली तेव्हा तळाला ओंजळभर राखाडी वाळू आणि नखाएवढा एक शिंपला निघाला. फॉल नवा लावला, पण काठाच्या वर खाऱ्या पाण्याची पांढुरकी रेघ उमटली आहे ती तशीच आहे.

शिफॉनचं एवढं नाही गं. पैठणीचं असं झालं तर मला बघवणार नाही. रेशमाला घाम सोसत नाही नि खारं पाणीही नाही, आणि काठाची जर एकदा काळवंडली की काळवंडली. शिवाय तिचं वजन. वाळूत चालताना तू निऱ्या सावरशील, पर्स सावरशील की बाबांचा हात धरशील?

रोज समुद्रावर वावरणाऱ्या कोळणी बघ. लुगडं घोट्याच्या वर, काष्टा घट्ट, पदर कमरेला खोचलेला. यापेक्षा शहाणा पोशाख किनाऱ्यासाठी कुणी शोधलेला नाही. तू काष्टा घालणार नाहीस हे माहीत आहे, नाहीतर तेच सुचवलं असतं.

पत्रिकेतल्या रंगांनी तू घाबरलीस, त्याचं सांगते. पीच म्हणजे आपला उतरलेला अबोली. लव्हेंडर म्हणजे अगदी फिकट जांभळा. सी ग्रीन म्हणजे जवळपास पिस्ता. पोरांनी इंग्रजी नावं दिली म्हणून रंग काही नवे होत नाहीत. ऑफव्हाइटही लिहिलंय, म्हणजे मोतिया. तो तू लग्नाला नेसणार नाहीस आणि मी आग्रहही करणार नाही. आता कपाट उघड. वरच्या कप्प्यात डांबराच्या गोळ्यांच्या वासाची ती अबोली महेश्वरी आहे ना, बाबा रिटायर झाले तेव्हा घेतलेली? तीच. रेशीम आणि सूत मिळून विणलेली, त्यामुळे हलकी आहे, पण शिफॉनसारखी उडत नाही. पदर मोकळा सोडू नकोस, बारीक निऱ्या करून खांद्यावर पिन लाव आणि टोक कमरेला खोच. साडी नेहमीपेक्षा दोन बोटं वर नेस. कुणी काही म्हणणार नाही, सगळ्यांचं लक्ष आपापल्या पायांकडे असेल. गजरा घट्ट माळ. तन्मणी चालेल, लोंबते कानातले नकोत, वाऱ्यात पदराला अडकतात.

आणि पैठणी आणच. दुसऱ्या दिवशी मावशीकडे सत्यनारायण आहे. तिथे फरशी आहे, पंखा आहे, आणि तुझी पैठणी नीट निरखून बघायला तिच्या सगळ्या जावा आहेत.

बाबा, तुमचा टेरिकॉटचा सफारी नको. मी दादरहून सुती झब्बा-लेंगा आणून ठेवलाय, वर तुमचं खादीचं जाकीट घाला. पायात कोल्हापुरी नकोत, ओल्या झाल्या की वाळल्यावर कडक होतात आणि तुमच्या टाचेला चावतात. मागे पट्टा असलेले ते जुने रबरी सँडल आणा. आई हसेल, हसू दे. काठी वाळूत रुतते, म्हणून मुलाकडच्यांना सांगून तुमच्या दोघांच्या खुर्च्या कडेला, फळ्या टाकल्यात तिथे ठेवायला लावल्यात. शालही घ्या. तुम्हीच शाळेत शिकवायचात, दिवसा खारे वारे, रात्री मतलई. संध्याकाळी समुद्रावरून येणारा वारा पडला की बरं वाटतं, पण जेवणं होईपर्यंत माघातला गारवा जाणवतोच.

कोकणकन्येने याल तेव्हा ठाण्याला उतरा, मी गाडी घेऊन येते. मार्वेहून मनोरीला फेरीबोटीने दहा-पंधरा मिनिटांत पोचतो, पण बोटीत चढताना-उतरताना बाबांच्या गुडघ्याची परीक्षा आहे. म्हणून आपण भाईंदर-उत्तनवरून रस्त्याने वळसा घालून जाऊ. वेळ जास्त लागेल, चालेल.

आता एकच शंका. मुहूर्त गोरज आहे, म्हणजे साधारण साडेसहा. तिथी माघ शुद्ध दशमी. तुमच्या हिशेबाने तिथीची पाऊणपट, दहाचे साडेसात, तेव्हा पूर्ण भरती. म्हणजे अक्षता पडताना पाणी चढतच असणार. अष्टमी होऊन दोनच दिवस झालेले असतील, म्हणून भांगाची भरती धरून पाणी फार वर येणार नाही असं मी मावशीला ठणकावून सांगितलंय. मांडव कुठवर मागे घ्यायचा ते त्यांना शनिवारपर्यंत ठरवायचंय. बाबा, गणित बरोबर आहे का, तेवढं लगेच कळवा.

तुमची,
धाकटी