नव्या-जुन्याचा सांधा आधी दाखवा

महोदय,

जुन्या इमारतीला नवी जोड दिली की वाद ठरलेला. एका पक्षाला नव्या भागातही त्याच कमानी आणि तोच दगड हवा असतो, दुसऱ्याला काचेची पेटी. दोघेही बोलतात ते दर्शनी भागाबद्दल. वारसा इमारतींपुरता हा वाद १९६४ च्या व्हेनिस सनदेने बराचसा मिटवला आहे: भर घालणे टाळता येत नसेल, तर ती मूळ रचनेपासून वेगळी ओळखू यावी आणि तिच्यावर तिच्या काळाची मुद्रा असावी. तरीही स्पर्धांच्या निकालांत आणि मंजुरी समित्यांपुढे येतात ती संगणकावर रंगवलेली संध्याकाळची चित्रे. नवे बांधकाम जुन्याला जिथे भेटते तो सांधा कसा आहे, हे कोणी विचारत नाही. आणि अशा इमारती बिघडतात त्या बहुतेक तिथेच.

जुनी इमारत खचायची तेवढी बहुधा खचून झालेली असते. नवा पाया मात्र भार आल्यावर खाली बसू लागतो. वाळूत हे खचणे बांधकाम चालू असतानाच जवळपास उरकते, चिकणमातीत वर्षानुवर्षे चालते. अशा वेळी जुन्या भिंतीत खोबणी पाडून नवा स्लॅब अडकवला, तर काही मिलिमीटरच्या फरकानेही भिंतीला तिरकी भेग जाते. म्हणून नव्या भागाला स्वतःचे खांब, स्वतःचा पाया आणि दोहोंमध्ये मोकळी फट हवी. पण हा पाया जुन्याला लागून खोल खणता येत नाही. खोदाई जुन्या पायाच्या तळाखाली गेली की त्याला धरून ठेवणारी माती सुटते. एक तर खांब आत सरकवून शेवटची तुळई कॅन्टिलिव्हर (पुढच्या टोकाला आधार नसलेली) करावी, नाहीतर जुना पाया खाली वाढवावा. हे वाढवणेही सलग नसते: साधारण एक-सव्वा मीटरचे तुकडे, एकमेकांना न लागणारे आधी. भरलेले काँक्रीट घट्ट होऊन त्यावरच्या फटीत कोरडा मॉर्टर ठासून झाल्याशिवाय शेजारचा तुकडा उघडायचा नाही. ही ठासणी डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे घाईत सर्वांत आधी तीच राहते आणि मग भिंत त्या फटीएवढी खाली उतरते.

नव्या-जुन्यामधली फट किती ठेवायची? एक-दोन मजल्यांना, भूकंपाचा धोका नसेल तर, २५ मिलिमीटर चालून जातात. भूकंपप्रवण भागात दोन्ही इमारतींचे वरच्या मजल्यावरचे डोलणे मोजून त्यानुसार फट ठरवावी लागते. दोन्ही डोलण्यांची बेरीज धरली तर धोका उरत नाही. या फटीवर जमिनीलगत जी धातूची पट्टी बसते ती एकाच बाजूला स्क्रूने पक्की करायची असते, दुसऱ्या बाजूने ती सरकली पाहिजे. प्रत्यक्षात पट्टी खडखडते म्हणून शेवटच्या दिवशी कोणीतरी दोन्ही बाजूंना स्क्रू मारतो आणि सांधा तिथेच मरतो. फट सीलंटने बुजवण्याचेही तसेच. २५ टक्के हालचाल सोसणारे सीलंट २० मिलिमीटरच्या फटीत पाचच मिलिमीटर ताणले जाते. त्याची खोली रुंदीच्या निम्मी हवी आणि मागे फोमची दोरी हवी. नाहीतर ते दोन्ही कडांबरोबर तळालाही चिकटते आणि पहिल्याच ताणात फाटते.

पाण्याकडे तर अनुभवी मंडळींचेही दुर्लक्ष होते. नवे छप्पर जुन्या भिंतीला टेकले की छपराखालची बाहेरची भिंत आतली होते. त्यावरची भिंत मात्र पावसात भिजतच राहते. पूर्वी तिच्यात मुरलेले पाणी खाली उतरून बाहेरच सुकत असे, आता ते नव्या खोलीत उतरते. छपरापासून किमान १५० मिलिमीटर वर, विटांच्या सांध्यात २५ मिलिमीटर खोल बसवलेले फ्लॅशिंग (पाणी अडवणारी पट्टी) पृष्ठभागावरून ओघळणारे पाणी अडवते, भिंतीच्या पोटातून उतरणारे अडवत नाही. त्यासाठी भिंतीच्या पूर्ण जाडीतून जाणारा, बाहेरच्या बाजूला उतार असलेला जलरोधक थर घालावा लागतो, तोही तुकड्या-तुकड्याने भिंत उघडून. काम किचकट आणि महाग असते, म्हणून अंदाजपत्रकात ते सहसा नसतेच. मग दरवर्षी गिलाव्याचे पोपडे निघतात आणि रंगाऱ्याला बोल लागतो.

चुन्यातल्या जुन्या विटकामाचे सांधे सिमेंटने भरणे ही दुसरी हमखास चूक. चुन्याचा सांधा विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो, ओल त्यातून बाहेर पडते. सिमेंटने ती वाट बंद झाली की पाणी विटेतून सुकू लागते. क्षार विटेच्या पृष्ठभागाआड साठून स्फटिक होतात आणि विटेचा चेहरा पापुद्र्यासारखा सुटतो. सांधा त्याच्या रुंदीच्या दुप्पट खोल खरवडावा, छिन्नीने. ग्राइंडरने विटांच्या कडा कायमच्या कापल्या जातात. मग ओलावून एक भाग चुना, अडीच ते तीन भाग चाळलेली टोकदार वाळू भरावी आणि काही दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवावे. चुन्याला वेळ लागतो, आणि वेळापत्रक बहुधा सिमेंटची सवय असलेल्यांनी आखलेले असते.

काँक्रीटच्या इमारतींची परीक्षा वेगळी. तिथे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलकी चाचणी फिनॉल्फथॅलीनची. ताज्या फोडलेल्या तुकड्यावर द्रावण शिंपडले की जिथे काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे तिथे ते गुलाबी होते. रंगहीन राहिलेला भाग कार्बोनेशन झालेला, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने अल्कधर्म गमावलेला आणि सळईला गंजापासून न वाचवणारा. ही खोली सळईवरच्या कव्हरशी, म्हणजे तिला झाकणाऱ्या काँक्रीटच्या जाडीशी ताडून पाहायची. ती साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते: ४० वर्षांत २० मिलिमीटर असेल तर ८० वर्षांत सुमारे २८. कव्हर ३० मिलिमीटर असेल तर आज कागदावर सुरक्षित वाटणाऱ्या इमारतीच्या हातात तोवर फारसे काही उरलेले नसते. एकट्या रिबाउंड हॅमरवर (पृष्ठभागावर आपटून ताकदीचा अंदाज देणारे उपकरण) मात्र विसंबू नये. कार्बोनेशनने पृष्ठभाग कडक होतो आणि हॅमर आतल्या ताकदीपेक्षा जास्त आकडा दाखवतो. कोअर (काँक्रीटचा दंडगोल नमुना) काढून दाबून पाहिल्याशिवाय वर मजला चढवण्याची भाषा करू नये.

हे सगळे नीट केले तर काय साधते, याचे आमच्या मते सर्वांत चांगले उदाहरण फ्रान्समध्ये आहे. पॅरिसचा बोआ-ल-प्रेत्र मनोरा आणि बोर्दोच्या ग्रँ पार्कमधल्या ५३० सदनिका पाडण्याऐवजी लाकातों आणि व्हासाल या वास्तुरचनाकारांनी सहकाऱ्यांसह अनुक्रमे २०११ आणि २०१७ मध्ये वाढवल्या. मनोऱ्याला सभोवती सुमारे तीन मीटर खोलीची भर मिळाली: दोन मीटर हिवाळी बाग (तावदानांनी बंद करता येणारी पडवी), एक मीटर बाल्कनी. ही भर स्वतःच्या पायावर, स्वतःच्या चौकटीत उभी आहे, जुन्या सांगाड्यावर भार टाकत नाही. जुन्या बाह्य भिंतीतले बंदिस्त भाग काढून तिथे मोठे सरकते काचेचे दरवाजे आले, आणि रहिवाशांना कायमचे उठवावे लागले नाही. या वास्तुरचनाकारांना २०२१ मध्ये वास्तुकलेतला प्रित्झकर पुरस्कार मिळाला. याची नक्कल करणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये: पुढे खोली वाढली की मागच्या खोलीतला उजेड घटतो. त्यांच्या बाहेरच्या थरात पारदर्शक आणि सरकती तावदाने आहेत ती यामुळेच. त्या जागी अपारदर्शक कठडा आणि लोखंडी जाळी बसवली तर सगळा खर्च करून अंधार विकत घेतल्यासारखे होईल.

उलट टोकाला माद्रिदचे २००८ मधले कैशाफोरुम हे कलाकेंद्र. जुन्या वीजकेंद्राचे विटांचे कवच ठेवले, खालचा ग्रॅनाइटचा चौथरा कापून काढला आणि इमारत जणू हवेत उचलली. अभियांत्रिकी थक्क करणारी आहे, पण जमिनीशी असलेले नाते तोडून राखलेल्या कातडीला जुळवून घेणे म्हणावे का, याबद्दल आमच्यात एकमत नाही. इटालियन वास्तुरचनाकार कार्लो स्कार्पाने वेरोनाच्या कास्तेलवेक्किओ या किल्ल्यातल्या संग्रहालयात नवी फरशी जुन्या भिंतीपर्यंत नेलीच नाही, कडेला अरुंद खाच ठेवली. एवढ्याने कोणते जुने आणि कोणते नवे हे पाटी न लावता कळते, आणि जुनी भिंत हात न लागता राहते.

इमारतीलगतच्या झाडांचेही असेच. बुंध्याचा व्यास दीड मीटर उंचीवर मोजून त्याच्या बारा पट त्रिज्येत मुळांना धक्का लावू नये, असा ब्रिटिश मानकाचा संकेत आहे. ५० सेंटिमीटरच्या बुंध्याला सहा मीटर. तिथे सलग पायाचा चर खणण्याऐवजी सुटे पाइल (जमिनीत खोल उतरवलेले खांब) आणि जमिनीपासून उचललेली तुळई हवी. बुंध्याभोवती भराव टाकला तरी झाड गुदमरते, आणि ते वाळायला दोन-तीन वर्षे लागत असल्याने ठपका बांधकामावर येत नाही.

मंजुरी देणाऱ्यांनी आणि आपल्यासारख्या वृत्तपत्रांनीही चित्राबरोबर तीन गोष्टी मागाव्यात: सांध्याचा १:५ प्रमाणातला छेद, जुन्या भेगांवर बसवलेल्या मापकांच्या किमान एका वर्षाच्या नोंदी, आणि निविदेत भिंत-जमीन उघडून पाहण्यासाठी वेगळी तरतूद. वर्षभर अशासाठी की चिकणमाती ऋतूप्रमाणे फुगते आणि आकसते. भेग उन्हाळ्यात उघडून पावसाळ्यात मिटत असेल तर तिचा इलाज वेगळा, सतत रुंदावत असेल तर वेगळा. आणि वेगळी तरतूद नसेल, तर उघडलेल्या भिंतीत कुजलेले तुळईचे टोक सापडल्यावर कंत्राटदार ते संध्याकाळच्या आत गिलाव्याखाली झाकून टाकतो, कारण ते दाखवण्याचे त्याला पैसे मिळणार नसतात.

आपले,
दोन वास्तुरचनाकार आणि एक स्ट्रक्चरल इंजिनीअर