करंट कुठला?

माननीय संपादक,

परवा एका बातमीत ‘समुद्रातील विद्युतप्रवाहामुळे होडी भरकटली’ असे वाचले आणि चहा सांडता सांडता राहिला. मूळ शब्द करंट असणार. समुद्राची ओढ म्हणायचे, तिथे भाषांतरकाराने वीज सोडली!

मी भौतिकशास्त्र शिकवत असे. एकदा एका मुलीने विचारले, “बाई, नदीला जोराचा करंट आहे म्हणतात, मग शॉक बसेल का?” वर्ग हसला, पण तिचा प्रश्न रास्त होता. करंट हा मुळात धावण्याचा शब्द. लॅटिनमधल्या ‘कुरेरे’पासून तो आला, कुरिअर, करन्सी, करिक्युलम ही त्याचीच भावंडे. विजेला तो चिकटला, कारण अठराव्या शतकात वीज हा एक द्रवच आहे असे मानत. असे मानणाऱ्यांत अमेरिकी शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन होते, आणि गंमत म्हणजे 1770 च्या सुमारास अटलांटिकमधल्या गल्फ स्ट्रीम या समुद्री करंटचा नकाशा छापून घेणारेही तेच. म्हणजे दोन्ही करंट एकाच माणसाच्या टेबलावर!

आपण मात्र त्याची छान वाटणी केली आहे. पाण्याला ओढ, विजेला प्रवाह, खात्याला आणि घडामोडींना चालू. (माणूस चालू निघाला, तर तो वेगळा विषय.) केकमधला करंट मात्र या घराण्यातला नाही, ती वाळवलेली बारीक द्राक्षे, नाव ग्रीसमधल्या कॉरिंथवरून पडलेले.

होडी ओढीने भरकटली, एवढी दुरुस्ती छापावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका