बखरीवरची मालिका आणि ‘ध’चा ‘मा’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या रविवार पुरवणीत ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ या मालिकेवर लेख आला होता. मालिका ही मालिका म्हणून पाहावी, पुस्तक मांडीवर घेऊन बसू नये, असे त्यात म्हटले होते. त्यानंतर छापलेली दोन पत्रे बरोबर उलट टोकाची होती. पुस्तकातला अमुक प्रसंग गाळला, तमुक वय बदलले, म्हणून मालिका टाकाऊ, असा त्यांचा सूर. मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. बखरींच्या वाचनाचा नाद त्याच्याही आधीचा. या वादात एक गोष्ट कुणीच बोलले नाही, म्हणून हे पत्र. ज्यांनी मालिका अजून पाहिलेली नाही त्यांनी पुढचा मजकूर बेताने वाचावा.

ज्या पुस्तकावर ही मालिका उभी आहे, ते जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचे ‘फायर अँड ब्लड’ २०१८ साली आले. ती कादंबरी नव्हे. ती चक्क बखर आहे. टारगेरियन या काल्पनिक राजघराण्याचा हा वृत्तान्त गिल्डेन नावाचा एक विद्वान घटना घडून गेल्यावर पुष्कळ वर्षांनी जुन्या कागदांवरून लिहितो आहे, अशी त्याची रचना. त्याच्यापुढे साक्षीदार तीन. युस्टेस हा दरबारचा धर्मोपदेशक, सोवळा आणि एका पक्षाकडे झुकलेला. मंकन हा राजपंडित, त्याची मदार दुसऱ्याच्या कबुलीजबाबावर. आणि मश्रूम हा विदूषक, त्याला प्रत्येक गोष्टीत शयनगृहातलीच बातमी दिसते. तिघांचे जुळत नाही. गिल्डेन तिन्ही पाठ देतो आणि पुष्कळदा निवाडा वाचकावर सोडतो. आपल्याकडे पानिपतावर एकाहून अधिक बखरी आहेत. त्या एकापुढे एक ठेवून ज्याने वाचल्या आहेत, त्याला ही रीत नवी वाटणार नाही.

मग अशा पुस्तकाशी मालिका ‘इमान राखते का’ हे कसे ठरवायचे? जिथे साक्षीदारच भांडतात, तिथे पटकथाकाराने एक पाठ निवडला किंवा दोन पाठांची सांगड घातली, तर तो त्याचा हक्क आहे. रेनीरा राजकन्या आणि तिचा रक्षक क्रिस्टन कोल यांचे का फाटले, याचे उदाहरण घ्या. युस्टेस म्हणतो, कोलने पळून जाऊ म्हटले, ती नाही म्हणाली. मश्रूम म्हणतो, तीच त्याच्याकडे गेली होती, त्याने नाकारले. मालिकेने दोन्ही धागे घेतले. आधी ती त्याला जवळ करते, मग जहाजावर तो सोबत निघून जाण्याची गळ घालतो आणि ती नकार देते. त्यातून त्याचा जो जन्माचा द्वेष उगवतो, तो पुस्तकापेक्षाही जास्त पटतो. हे उत्तम काम आहे.

रेनीराचा बाप राजा व्हिसेरिस, त्याचेही तसेच. पुस्तकातला व्हिसेरिस गुबगुबीत, हसरा, सगळ्यांना खूश ठेवू पाहणारा. पडद्यावर पॅडी कॉन्सिडाइन यांनी उभा केलेला राजा आतून कुजत जातो, तरी घर एकत्र राहावे म्हणून काठी टेकत सिंहासनापर्यंत चालत येतो. तो प्रसंग पुस्तकात नाही. मार्टिन यांनी स्वतः लिहून ठेवले आहे की हा व्हिसेरिस आपल्या व्हिसेरिसपेक्षा सरस आहे. वय बदलले म्हणून रागावलेल्या पत्रलेखकांनी याचाही विचार करावा. पुस्तकात अ‍ॅलिसेंट ही राजाची दुसरी राणी रेनीरापेक्षा नऊ वर्षांनी मोठी आहे. मालिकेने दोघींना बालमैत्रिणी केले. मला त्यात काही वावगे दिसत नाही. सावत्र आई आणि मुलगी यांचे वैर कुणालाही कळते. एकाच झाडाखाली बसून वाचणाऱ्या दोन मुली वैरिणी होतात, ते जास्त झोंबते.

इथपर्यंत मी मालिकेच्या बाजूने आहे. माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती सांगण्यासाठी मला माझ्या राहत्या ठिकाणाकडे वळावे लागेल.

मी आनंदवल्लीला राहते. गावाचे जुने नाव चावंडस. राघोबादादा आणि आनंदीबाई यांचे इथे वास्तव्य होते आणि आनंदीबाईंवरूनच गावाला हे नाव पडले, असे सांगतात. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारले. ‘धरावे’चे ‘मारावे’ कुणी केले, याची गोष्ट मराठी घराघरात ठाऊक आहे. इतिहासकार ती जशीच्या तशी स्वीकारत नाहीत, आणि सगळा दोष एका बाईच्या लेखणीवर ढकलणे मलाही कधी मान्य झाले नाही. वर्गात मी ते प्रत्येक वर्षी सांगत आले. पण त्या गोष्टीत एक गोम आहे. अक्षर चुकून बदलले, असे त्यात कुणीही म्हणत नाही. कुणीतरी ते बदलले. आणि रामशास्त्र्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले, ही आठवण तिच्या शेजारीच जपलेली आहे. मारा म्हणणारा हात कुणाचा, हा प्रश्न आपल्या परंपरेने अडीचशे वर्षे सोडलेला नाही.

मालिकेतही एक ‘ध’चा ‘मा’ आहे. मरणाच्या दारात व्हिसेरिस पूर्वज एगॉनच्या भविष्यवाणीबद्दल पुटपुटतो. समोर रेनीरा आहे असे त्याला वाटते, असते अ‍ॅलिसेंट. तिला वाटते, राजा आपल्या मुलाला, दुसऱ्या एगॉनला, गादी द्या म्हणतो आहे. राजाने वारस नेमलेली असते रेनीरा; पण एवढ्या गैरसमजातून ती रेनीराविरुद्धच्या युद्धात ओढली जाते. पुस्तकात यातले काहीही नाही. राजा नातवंडांना गोष्ट सांगतो, थकून झोपतो, तो उठतच नाही. आणि अ‍ॅलिसेंट स्वतः सल्लागारांना बोलावते. तिला आपला मुलगा गादीवर हवा आहे. तीन साक्षीदारांचे इतर कशावर जुळो न जुळो, यावर जुळते.

एकच ठिकाण असते तर मी सोडून दिले असते. पहिल्या पर्वाच्या शेवटी अ‍ॅलिसेंटचा मुलगा एमंड आपल्या भाच्याचा, रेनीराच्या ल्युसेरिसचा, ड्रॅगनवर बसून वादळात पाठलाग करतो. पुस्तकात एमंडला भर दरबारात टोमणा मारला जातो, तो चिडून उठतो, भाच्याच्या मागे जातो आणि त्याला मारतो. मालिकेत एमंडला फक्त घाबरवायचे असते, त्याचा ड्रॅगनच लगाम मानत नाही. दुसऱ्या पर्वाच्या पहिल्याच भागात त्याचा सूड घ्यायला दोन मारेकरी राजवाड्यात शिरतात. मालिकेत ते एमंडला शोधायला आलेले, तो सापडत नाही म्हणून लहान मुलावर वार होतो. पुस्तकात ते आलेलेच असतात राजाच्या मुलासाठी. तीन गुन्हे, आणि तिन्ही वेळा मालिका म्हणते, तसे मनात नव्हते हो.

त्या शेवटच्या प्रसंगाबद्दल थोडे जास्त लिहिते, कारण तो मला विसरता येत नाही. पुस्तकात नव्या राजाच्या, म्हणजे दुसऱ्या एगॉनच्या, हेलेना राणीला दोन मुलगे आहेत, जेहेरिस सहा वर्षांचा आणि मेलॉर दोन वर्षांचा. मारेकरी तिला म्हणतात, एक निवड. ती म्हणते, मला मारा. ते ऐकत नाहीत. शेवटी ती धाकट्याचे नाव घेते. ते मोठ्याला मारतात. उरलेल्या मुलाने आईच्या तोंडून आपले नाव ऐकलेले असते, आणि त्यानंतर तिला त्याच्याकडे बघवत नाही. मालिकेत मेलॉर नाहीच. दोन जुळ्यांपैकी मुलगा कोणता, एवढेच हेलेनाने दाखवायचे. मार्टिन यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या संकेतस्थळावर या गाळण्याबद्दल नापसंती लिहिली होती, नंतर ती काढून टाकली गेली. एक लहान पात्र गळले की पुढच्या कोणकोणत्या गोष्टी ढासळतात, हा त्यांचा मुद्दा. तो बरोबरच आहे. पण पुढचे पुढे. त्याच रात्री, त्याच खोलीत, एक आई जे बोलून बसते ते मालिकेने काढून घेतले, ही हानी मला मोठी वाटते.

अ‍ॅलिसेंटवर आजवर सोपा दोष आला, तो काढण्यासाठी हे बदल केले, असे कुणी म्हणेल. आनंदीबाईंच्या गावात राहून मला तो हेतू समजत नाही असे नाही. पण महत्त्वाकांक्षी बाईला न्याय द्यायचा तर तिची महत्त्वाकांक्षा तिच्याजवळ राहू द्यावी, तिची कारणे दाखवावीत. तिला नीट ऐकू आले नाही असे ठरवणे, हा तिचा सन्मान मला वाटत नाही. दुसऱ्या पर्वात रेनीरा वेश बदलून तिला देवळात भेटते तेव्हा अ‍ॅलिसेंटला आपली चूक कळते. तो प्रसंग दोघींनी अप्रतिम केला आहे. आणि तरीही मी तो पाहताना म्हणत होते, बाई गं, तुला हेच हवे होते, असे एकदा तरी म्हण.

माझ्या भाचीने पुस्तक वाचलेले नव्हते, मालिका मात्र दोनदा पाहिली होती. दिवाळीत ती आली तेव्हा मी तिला हेलेनाचे ते पान वाचायला दिले. वाचून बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “मावशी, मालिकेत बाहेरून आलेली माणसं क्रूर होती. इथे तर आईलाच बोलायला लावलंय.” मालिका पुस्तकाशी ताडून पाहायची म्हणजे काय, हे मला जितके लिहूनही जमले नाही तितके तिने एका वाक्यात सांगितले.

पुढच्या पर्वाचे परीक्षण आपण छापाल तेव्हा ते पुस्तक वाचलेल्या माणसाकडून लिहवून घ्यावे, एवढी विनंती. किती प्रसंग गाळले याची यादी त्याने केली नाही तरी चालेल. कुणाचा कोणता निर्णय त्याच्या हातून काढून घेतला, तेवढे त्याने जरूर लिहावे.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका,
आनंदवल्ली, नाशिक