बाजार ओलांडू नका, बाजारात थांबा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला भिवपुरी-गार्बेट-माथेरान-चौक या पायवाटेवरचा लेख काल वाचला. लेखक तरुण असावेत. साडेतीन तासांत गार्बेटचं पठार चढून गेल्याचा उल्लेख दोनदा आला आहे, त्याबद्दल त्यांचं अभिनंदन. मी एकसष्ट वर्षांचा आहे, मला जास्त वेळ लागतो.

माझी तक्रार एका वाक्याबद्दल आहे. लेखक सांगतात की माथेरानचा बाजार म्हणजे चिक्की आणि चपला, ट्रेकरला त्याचा उपयोग नाही, तेव्हा न रेंगाळता, जिथून चौकची उतरण लागते ते वन ट्री हिल गाठावं. वाचून आमच्या सौ. इतक्या हसल्या की त्यांचा चहा सांडला. त्याचं कारण सांगतो.

गेल्या वर्षी होळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. पहिल्या कर्जत लोकलनं आम्ही दोघं भिवपुरीला उतरलो. पाली भुतिवली धरणाच्या बाजूनं, सागाची वाडी मागे टाकून गार्बेटच्या पठारावर चढलो. चढणीवर वाळलेलं गवत आणि घसारा, म्हणून पाय जपून टाकत होतो. वर पोहोचलो, सपाटी लागली, जिवात जीव आला, आणि डाव्या बुटाचा सोल पुढून सुटून लोंबायला लागला. बूट फार घातलेले नव्हते, वर्षभर माळ्यावर होते. दुकानदारानं घेताना पाच वर्षांची हमी दिली होती, तोंडी. सौ.नी स्वतःच्या डोक्याचा रुमाल सोडून बुटाला बांधला. तसाच फटक-फटक करत, वाटेतल्या लोकांचं मनोरंजन करत, मी लाल मातीच्या रस्त्यानं बाजारात आलो.

चपलांच्या पहिल्याच दुकानात शिरलो आणि म्हटलं, एक मजबूत जोड द्या, आम्हाला चौकला उतरायचं आहे. दुकानदारानं आधी माझ्या बुटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "काका, चपलेवर शिडीच्या वाटेनं उतरू नका. अंगठा तुटंल. बूट काढा." सोल खरवडून साफ केला, सोल्यूशन लावलं, वर दगड ठेवला आणि सांगितलं, अर्धा तास हलायचं नाही. मग आरी घेऊन मेणाच्या दोऱ्यानं कडेनं सगळा शिवून दिला. उजव्या बुटाचा सोल चांगला होता, तोही शिवला, कारण "एक गेला की दुसरा जातोच". दोन्हींचे मिळून ऐंशी रुपये घेतले. चारशेची चपल हातात तयार असताना विकली नाही. मी आग्रह केला, तर म्हणाले, पुढच्या वेळी आगगाडीनं या आणि मग न्या.

त्या अर्ध्या तासात आम्ही चहा घेतला, अनवाणी बसून शेंगदाण्याची चिक्की खाल्ली. लेखकमहाशयांच्या मते हा वेळ वाया गेला असेल.

खरं सांगायचं तर मीही तसलाच होतो. वीस वर्षांत चार वेळा त्या बाजारातून गेलो, आणि त्या चार खेपांत मिळून एक लिंबूसरबत घेतलं असेल. पाण्याची बाटली महाग म्हणून कटकटही केली. टेम्पो गावाबाहेरच्या दस्तुरी नाक्यापुढे जात नाही, तिथून खोकी घोड्यावर, हातगाडीवर नाहीतर डोक्यावरून येतात, हे त्या दिवशी दुकानाच्या पायरीवर बसून पाहिलं तेव्हा डोक्यात शिरलं. आपल्या लेखात बाटलीच्या किमतीवर अख्खा परिच्छेद आहे. ती तिथवर कशी येते, यावर एक ओळही नाही.

दुसरं, वसंतातली भटकंती म्हणून मथळा द्यायचा आणि खाली धबधब्याचं हिरवंगार छायाचित्र छापायचं, हे काय आहे? मार्चमध्ये तिथे धबधबा शोधत जाणाऱ्याला तुम्ही पाणी पाठवणार आहात का? सागाच्या वाडीनंतर वर बाजार येईपर्यंत भरवशाचं पाणी नाही, ही एक ओळ छापायला हवी होती. आम्ही माणशी तीन लिटर नेलं होतं आणि ते पुरलं, इतकंच.

शिवाय या दिवसांत रखरखाटाशिवाय पाहण्यासारखं काही नाही, असंही लेखात आहे. खालच्या उतारावर पांगारा आणि पळस लाल झालेले असतात, करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी घमघमतात. वर गावात शिरलं की अंजनीच्या झाडांच्या फांद्यांना बिलगून निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ. मान वर करावी लागते एवढंच. घड्याळाकडे बघत चालणाऱ्याला ते दिसत नसतील, हे समजू शकतो. आणि 1850 साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट चौकहून हा डोंगर चढून गेले ते मे महिन्यात. त्यांनाही वर काही पाहण्यासारखं सापडलंच असणार, नाहीतर पुढे इंग्रजांनी तिथे बंगले बांधले नसते.

लेखक पुन्हा जाणार असतील तर त्यांना कळवावं की ते दुकान मुख्य रस्त्यावरच आहे आणि दुकानदारांना बूट दाखवायला लाजू नये. माझी शिवण अजून उसवलेली नाही. उरलेला बूट आता तिच्या आधारानं टिकून आहे.

जाता जाता एक. गेल्या दोन रविवारी शब्दकोड्याची उत्तरं छापलेली नाहीत. सौ. आणि मी उभ्या सातवरून अबोला धरून आहोत. निदान तेवढं तरी येत्या अंकात छापावं.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली (पूर्व)