येळवसेच्या फोटोत तू नव्हतीस

कोपनहेगन,
डिसेंबर अखेर

ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

दादाने येळवसेच्या सणाचे शेतातले फोटो पाठवले. पंगत दिसली, आंबिलाचं बिंदगं दिसलं, भज्जीवर ताव मारणारी पोरं दिसली. तू एकाही फोटोत नाहीस. विचारलं तर दादा म्हणाला, "आईचं कपाळ उठलं होतं, शेतातल्या कोपीत पडून होती." फोनवर तू मला पुढं बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितेय. बाबा, दादा, वहिनी सगळ्यांसमोर वाचून घे.

मलाही तेच आहे, आई. अर्धशिशी. तुला घोर लागेल म्हणून सांगितलं नव्हतं. आदल्या दिवशीपासून नुसत्या जांभया येतात, मान आखडते. मग डावीकडे एक चकाकती नागमोडी रेघ हलायला लागते आणि समोरच्या शब्दातलं अर्धं अक्षर दिसेनासं होतं. वीसेक मिनिटांत रेघ विरते नि उजवं कानशील ठणकायला लागतं. खालच्या मजल्यावरच्या कॉफीच्या वासानेही ओकारी येते. पडदे ओढायचे, गोठवलेल्या मटारचं पाकीट फडक्यात गुंडाळून कपाळावर ठेवायचं आणि पडून राहायचं. कधी एका दिवसात उतरतं, कधी तिसरा दिवस उजाडतो. उन्हाळ्यात महिन्यातले सोळा-सतरा दिवस असेच जात होते.

पहिल्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आणखी कोणाला आहे?" मी चटकन "नाही" म्हणाले. खोटं बोलायचं नव्हतं गं. आपल्या घरात तुझ्या दुखण्याला कुणी आजार म्हटलंच नाही. तू पित्त म्हणायचीस. आत्या म्हणायची, "सणावारीच कसं हिचं डोकं उठतं?" मी दहावीत असताना येळवसेला तू अशीच कोपीत पडली होतीस. पदर कपाळाला करकचून आवळलेला, सुंठीचा लेप वाळून भेगाळलेला. पाहुण्यांना वाढायचं माझ्यावर आलं म्हणून मीही बोलले, "आजच कामून दुखतंय तुझं?" तू उठलीस, सगळ्यांना वाढलंस आणि बांधाआड जाऊन ओकलीस. इथल्या अंधाऱ्या खोलीत पडल्या पडल्या मला ते आठवलं. पुढच्या भेटीत मी आधी ते दुरुस्त केलं. म्हटलं, "माझ्या आईला आहे. मला कळायला लागल्यापासून आहे."

सणावारीच का, तेही आता कळतंय. रात्री दोनपर्यंत उंडे नि भज्जी करत जागायचं, सकाळी उपाशीपोटी निवदाची पाटी डोक्यावर घेऊन उन्हात शेत गाठायचं. मोडलेली झोप, रिकामं पोट, ऊन, या तिन्हींनी अर्धशिशी उठते. यात नाटक नाही. चेहऱ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या नसेच्या टोकांशी एक पदार्थ सुटतो आणि ठणका सुरू होतो. अर्धशिशीचं हे कोडं उलगडणाऱ्या चौघांना २०२१ मध्ये ब्रेन प्राइझ, म्हणजे मेंदूवरच्या संशोधनाचं मोठं बक्षीस, मिळालं. त्यातले येस ओलेसन इथलेच, डेन्मार्कचे. बायकांना हा आजार पुरुषांच्या जवळपास तिप्पट होतो. आत्याला हे जरूर वाचून दाखव.

आता गोळीचं. उशाखालच्या डबीतली गोळी तू जवळजवळ रोज घेतेस, मला ठाऊक आहे. साधी गोळी महिन्यातले १५ दिवस, किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली १० दिवस, असं महिनोन्महिने चाललं की गोळीनेच डोकं दुखायला लागतं. मीही त्यातच अडकले होते. थांबवल्यावर पहिला आठवडा फार वाईट गेला, मग हळूहळू फरक पडला. पण तू आपल्या मनाने काही बंद करू नकोस, आधी लातूरला मेंदूच्या डॉक्टरांना दाखव. दुखणं उठूच नये म्हणून मला रोज रात्री प्रोप्रॅनोलॉलची गोळी देतात, डोकं दुखो न दुखो. दुखताना घ्यायची माझी गोळी मात्र मागवू नकोस. तुला बीपी आहे, आणि बीपी ताब्यात नसेल तर ती चालत नाही.

दादा, नंबर लावून तूच तिला घेऊन जा. आई, तोवर एवढं कर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुखेल त्या तारखेवर फुली मार, गोळी घेतलीस तर शेजारी टिंब दे. महिना संपला की वहिनीला पानाचा फोटो पाठवायला सांग. माझ्याही भिंतीवर तशाच फुल्या आहेत. या महिन्यात अकरा झाल्यात.

तुझी लेक