जेरुसलेम हे 'यदु-ईश-आलयम्' नव्हे

महोदय,

रविवार पुरवणीतील जेरुसलेमवरच्या लेखात या नावाचे मूळ 'यदु-ईश-आलयम्', म्हणजे यदुकुळाच्या ईश्वराचे घर, असल्याचे बेधडक लिहिले आहे. हा दावा व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे फिरतो आहे. पण छापून आलेल्या मजकुरावर लोक विश्वास ठेवतात, म्हणून हे पत्र.

नावाची व्युत्पत्ती लावायची तर आधी त्याच्या जुन्यात जुन्या नोंदी काढून बघाव्या लागतात. इ.स.पू. एकोणिसाव्या-अठराव्या शतकांत इजिप्तमध्ये शत्रूंच्या राजांची आणि नगरांची नावे मातीच्या भांड्यांवर लिहून ती भांडी शाप देण्यासाठी फोडत असत. त्या खापरांवर 'रुशलिमुम' असे वाचले जाणारे नाव आहे आणि ते जेरुसलेमच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढचा पुरावा तर अगदी ठसठशीत आहे. 1887 मध्ये इजिप्तमधील अमार्ना येथे मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांत इ.स.पू. चौदाव्या शतकातली पत्रे आहेत. 'उरुसलिम'चा राजा अब्दी-हेबा कीलाक्षरांत, अक्कादी भाषेत फारोला, म्हणजे इजिप्तच्या राजाला, काकुळतीने लिहितो, की मला या गादीवर आईने वा बापाने बसवले नाही, राजाच्या बलवान हाताने बसवले. आता धनुर्धारी पाठवा, नाहीतर मुलूख हातचा जाईल. इस्राएलच्या दावीद राजाने हे नगर घेतले त्याच्या तीनशेहून अधिक वर्षे आधीची ही गोष्ट. म्हणजे नाव इस्राएली राज्याहूनही जुने, तिथल्या आधीच्या रहिवाशांचे, कनानी लोकांचे. पुढे अश्शूरी राजा सन्हेरीबच्या वृत्तांतात 'उर्सलिम्मु' येते, हिब्रूत 'येरुशलाइम'. यांपैकी एकाही रूपात 'द' नाही. मग यदु आला कुठून?

'आलयम्'चेही तेच. त्यातला 'म्' विभक्तीचा प्रत्यय आहे. जेरुसलेममधला 'म' मात्र धातूचाच भाग आहे, कारण सेमिटिक भाषांत शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूंवर उभे राहतात आणि इथे तो धातू श-ल-म आहे: पूर्ण होणे, सुखरूप असणे. आपल्या बोलण्यातले 'सलाम' आणि 'सलामत' त्याच कुळातले.

सीरियाच्या किनाऱ्यावरील उगारित येथे 1929 पासून झालेल्या उत्खननात 'शहर' आणि 'शालिम' अशा नावांच्या जुळ्या देवांच्या जन्माची कथा सापडली. 'शहर' पहाटेचा देव, 'शालिम' सांजवेळेचा. दिवस पूर्ण करणारा. जेरुसलेमच्या नावाचा दुसरा भाग म्हणजे हाच शालिम. नावाचा पहिला भाग 'पाया घालणे' या अर्थाच्या क्रियापदाशी जुळतो. तेच क्रियापद बायबलमध्ये ईयोबाच्या अडतिसाव्या अध्यायात आहे, जिथे देव विचारतो की पृथ्वीची कोनशिला कोणी बसवली. बायबलमधल्याच 'दुसरा इतिहास' या पुस्तकात 'यरुएल' नावाचे रानही आहे. त्याचा अर्थ 'एल देवाने स्थापिलेले' असा लावतात. त्याच घडणीने जेरुसलेम म्हणजे 'शालिमने स्थापिलेले', हा अर्थ आज बहुसंख्य अभ्यासकांना पटतो, मलाही पटतो. लेखात ओझरता आलेला 'शांतीचे नगर' हा अर्थ बायबलमधल्या स्तोत्रकर्त्यांच्या शब्दखेळातून रुजला. 122 व्या स्तोत्रात 'शालोम' (शांती) आणि 'येरुशलाइम' मुद्दाम शेजारी बसवले आहेत. काव्य म्हणून ते सुंदरच आहे, पण नाव पडले तेव्हाचा अर्थ तो नव्हे.

आमच्या रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजातील कुटुंबांच्या प्रार्थनेत हे नाव पिढ्यान् पिढ्या आहे. वल्हांडण सणाची त्यांची पोथी 1846 मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. मराठी बोलणाऱ्या या माणसांच्या पवित्र नगराचे नाव केवळ उच्चाराच्या ओढाताणीने आपल्या खात्यावर जमा करणे मला खटकते. संस्कृतच्या थोरवीला अशा उसन्या पुराव्यांची गरजही नाही.

कृपया पुरवणीत दुरुस्ती छापावी आणि या विषयावर सेमिटिक भाषांच्या एखाद्या जाणकाराकडून लेख लिहून घ्यावा. पुण्यामुंबईत विचारणा केली तर असे अभ्यासक मिळतील.

– एक वाचक, अलिबाग